पाटीवर नसलेली नावे

कोणत्याही धर्मादाय इस्पितळात शिरले, की जिन्यापाशी एक संगमरवरी पाटी असते. तिच्यावरची नावे वाचत उभे राहण्याची मला जुनी खोड आहे. आत आपले कोणी माणूस निजलेले असते, डॉक्टर अजून यायचे असतात, सलाइनचे थेंब मोजून मोजून जीव विटलेला असतो. अशा वेळी दुसरे काय वाचणार? अमुक यांच्या स्मरणार्थ तमुक यांजकडून एक खोली. त्याखाली खाटा देणारे. त्याखाली पंखे देणारे. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, भिंतीवरचे घड्याळ देणारे. घड्याळ बहुधा बंद पडलेले असते.

या पाट्यांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. पैशावाचून भिंती उभ्या राहत नाहीत, आणि कधी कधी देणगी देणारा भिंतींपेक्षा मोठे काही देऊन जातो. मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. त्याला जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाला शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी पैसा दिला तो एका अटीवर : तिथे शिकवणारे सारे हिंदी असावेत. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या त्या काळात ही अट घालायला छाती लागत असेल. तेव्हा दात्यांना माझा नमस्कारच आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. पाटी बसली, फीत कापली, पेढे वाटले, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या इस्पितळात कोण असते?

आमच्या वसाहतीतल्या मंडळींनी मध्यंतरी एक छोटे रुग्णालय काढायचे मनावर घेतले होते. तळमजल्यावरचा सभागृहाचा भाग मोकळाच असतो, त्यात आठ-दहा खाटा सहज मावतील, असा हिशेब होता. तीन सभा झाल्या. पहिली देणगीचे दर ठरवण्यात गेली. दुसरी नाव कोणाचे द्यायचे यावर मोडली. तिसऱ्या सभेत पावतीपुस्तके छापून आली होती आणि बटाटेवड्यांचा वास सुटला होता, तेवढ्यात मागच्या रांगेत बसलेल्या आमच्या शेजारच्या काकू उठल्या. वय पंच्याहत्तरच्या पुढे. सारी नोकरी सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून केलेली.

"पैसे जमतील हो," त्या म्हणाल्या, "पण रात्री दोन वाजता दार कोण उघडणार, ते आधी लिहून घ्या."

चिटणीस हसून म्हणाले, "काकू, त्याला माणसं ठेवू ना आपण."

"ठेवा की. पण ठेवलेलं माणूस गावी गेलं, म्हणजे? तुमच्यापैकी कोण येणार? तुम्ही याल?"

चिटणिसांनी विषय पुढच्या सभेवर ढकलला. पुढची सभा अद्याप व्हायची आहे.

काकूंचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. त्याचे एक उत्तर मला सापडले ते छत्तीसगडातल्या एका खाणगावात. मी तिथे गेलेले नाही. त्या इस्पितळात वर्षानुवर्षे काम केलेल्या डॉक्टरांनी जे लिहून ठेवले आहे ते वाचून मला हे कळले. गावाचे नाव दल्ली-राजहरा. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लागणारे लोखंडाचे खनिज या डोंगरांतून निघते. कारखान्याच्या कायम नोकरांसाठी कारखान्याचे रुग्णालय होते. परंतु खनिज हाताने फोडणारे आणि मालमोटारींत भरणारे हजारो मजूर, बाया आणि पुरुष, कंत्राटदाराचे. दिवसभर पाठ मोडेस्तोवर काम करून हातात तीन-चार रुपये पडायचे. त्या रुग्णालयावर त्यांचा कायम नोकरांसारखा हक्क नव्हता.

१९७७ साली या मजुरांनी आपली वेगळी संघटना काढली, छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ. पुढारी होते शंकर गुहा नियोगी, मूळचे बंगालचे आणि स्वतः भिलाईच्या कारखान्यात काम केलेले. पावसाळ्याआधी झोपडी शाकारण्यासाठी थोडे पैसे मिळावेत, ही त्यांच्या पहिल्या मागण्यांपैकी एक. तेवढ्यावरून प्रकरण असे पेटले, की २ आणि ३ जून १९७७ या दोन दिवसांत पोलिसांच्या गोळीबारात ११ माणसे गेली. त्यांत एक बाई होती आणि एक लहान मुलगाही होता.

पुढे मजुरी वाढली. आणि वाढलेली मजुरी दारूच्या दुकानात जाऊ लागली. इथे ही संघटना मला फार शहाणी वाटते. मजुरी वाढवून घेतली, आता कोणी ती कशीही उडवो, असे म्हणून ती थांबली नाही. दारूबंदीची मोठी चळवळ तिने आपल्याच माणसांत उभी केली, आणि ती यशस्वी करण्यात बायकांचा वाटा मोठा होता. त्याच सुमारास एक घटना घडली. कुसुमबाई म्हणून संघटनेच्या उपाध्यक्षा होत्या. त्या बाळंतपणात वेळेवर नीट उपचार न मिळाल्याने गेल्या. त्यांना निरोप द्यायला जमलेल्या मजुरांनी तिथेच ठरवले, की आपल्या बायांसाठी आपणच दवाखाना काढायचा, असे सांगतात. ठरवणे सोपे असते. आमच्या वसाहतीनेही ठरवलेच होते. परंतु या लोकांनी जागा, इमारत, नाव यांपैकी कशालाही आधी हात घातला नाही. १९८१ साली सुरुवात केली ती मजूरवस्त्यांच्या सफाईपासून. त्याच वर्षी डॉ. विनायक सेन, डॉ. आशिष कुंडू यांच्यासारखे तरुण डॉक्टर तिथे येऊन राहिले, डॉ. शैबाल जाना पाठोपाठ आले. मग २६ जानेवारी १९८२ रोजी संघटनेच्या कचेरीच्या गॅरेजमध्ये दवाखाना उघडला.

गॅरेजमध्ये! आमच्याकडे दर ठरवण्यात पहिली सभा गेली, ती आठवून मला हा शब्द पुनःपुन्हा वाचावासा वाटला.

या गॅरेजातल्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली कोण होते? खाणीतले मजूर. दिवसभर दगड फोडून आलेला माणूस हातपाय धुऊन दवाखान्यात यायचा आणि नाडी मोजायला, ताप बघायला, जखम धुऊन पट्टी बांधायला, चिठ्ठी वाचून गोळ्या मोजून द्यायला शिकायचा. लिहिता-वाचता जेमतेम येणारी माणसे ही. मजुरांचीच एक आरोग्य समिती झाली. दीड वर्षात तिथे हजारो रोग्यांनी उपचार घेतले, आणि हे सारे चालू असताना शेजारी इस्पितळाची इमारत उभी राहत होती. ती मजुरांनी श्रमदानाने बांधली. आपल्याला मिळालेल्या भत्त्यांच्या रकमा त्यासाठी दिल्या. परदेशी पैसा घ्यायचा नाही, हे आधीच ठरले होते. म्हणजे इमारत पुरी झाली तेव्हा तिच्यात काम करणारे हात दीड वर्ष तयार होऊन बसले होते. आपल्याकडे इमारत आधी होते आणि हात शोधायला जाहिरात द्यावी लागते.

३ जून १९८३ रोजी १५ खाटांचे इस्पितळ सुरू झाले. तारीख मुद्दाम निवडलेली, गोळीबाराच्या सहाव्या वर्षदिनाची. नाव 'शहीद अस्पताल'. ज्या ११ जणांचे ते स्मारक, त्यांच्यापैकी कोणी एका पंख्याचीही देणगी दिलेली नव्हती. उद्घाटनाला मंत्री नव्हता. फीत कापली एका वृद्ध मजुराने आणि एका वृद्ध शेतकऱ्याने. 'मेहनतकशों के स्वास्थ्य के लिए मेहनतकशों का अपना कार्यक्रम' हे त्याचे ब्रीद. यातला 'अपना' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे इस्पितळ बहुधा 'गरिबांसाठी' असते. म्हणजे काढणारा एक, निजणारा दुसरा. दल्ली-राजहऱ्यात विटा वाहणारा आणि खाटेवर निजणारा माणूस एकच होता. आज पट्टी बांधतो तो, उद्या बायकोचे पोट दुखू लागले की तिला घेऊन त्याच दाराशी येणार.

यामुळे काय फरक पडतो? माझ्या मते औषधापर्यंत फरक पडतो. खेड्यापाड्यांत सुईवर आणि बाटलीवर लोकांची केवढी श्रद्धा असते, हे मी वाचकांना सांगायला नको. शहरातही काही कमी नसते. "डॉक्टरांनी इंजेक्शनसुद्धा दिलं नाही," ही तक्रार आपल्या चाळीत, बंगल्यात, सगळीकडे ऐकू येते. शहीद अस्पतालाने पहिल्यापासून अनावश्यक सुया, अनावश्यक सलाइन आणि नुसत्या नावाच्या महागड्या औषधांविरुद्ध मोहीम धरली. जुलाब झालेल्या मुलाला साखर-मिठाचे पाणी, साध्या खोकल्याला गरम पाण्याची वाफ. भित्तिपत्रके लावली, सोप्या हिंदीत पुस्तिका काढल्या. आता विचार करा. हेच एखाद्या शहरी डॉक्टरने सांगितले असते, तर मजूर म्हणाला असता, गरीब म्हणून मला पाण्यावर भागवतात. पण सांगणारा होता शेजारच्या झोपडीतला, सकाळी त्याच दगडावर घण घालणारा. स्वयंसेवक म्हणजे फुकटचा नोकर नव्हे. डॉक्टर जे सांगू शकत नाही ते सांगू शकणारा माणूस, हे मला इथे समजले. शिवाय ज्या इस्पितळाला कर्जाचे हप्ते फेडायचे नसतात, त्याला साखर-मिठाचे पाणी सांगणे परवडते, हेही खरे.

नुसता सेवाभाव मात्र पुरत नाही. आपल्याकडे हे रमाबाई रानड्यांनी फार आधी ओळखले होते. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले आणि त्यातून बायकांना ससून इस्पितळात परिचारिकेचे शिक्षण घ्यायला पाठवले गेले. पांढरपेशा घरच्या बाईने, त्यातही विधवेने, परक्या माणसाच्या जखमेला हात लावायचा, ही कल्पनाच त्या वेळच्या पुण्याला झेपणारी नव्हती. रोग्यांना फळे वाटून घरी परतणे केव्हाही सोपे आणि लौकिकालाही बरे. पण रमाबाईंनी बायकांना शिकायला लावले. फळे वाटणारी मंडळी मला आजही इस्पितळांत दिसतात. वाढदिवसाला येतात, छायाचित्र काढून घेतात, आणि रोग्याला मधुमेह आहे का हे न विचारता त्याच्या हातात दोन केळी ठेवून जातात.

शिकण्याचे दुसरे उदाहरण वाचकांच्या परिचयाचे आहे, म्हणून थोडक्यात सांगते. भामरागडच्या रानात हेमलकशाला डिसेंबर १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे या दोन डॉक्टरांची नावे सर्वांना ठाऊक आहेत, आणि ती असायलाच हवीत. परंतु वीज नाही, पावसाळ्यात वाट नाही, अशा त्या जागी दोन डॉक्टरांनी इस्पितळ चालवले ते त्यांच्याबरोबर येऊन राहिलेल्या कार्यकर्त्यांच्या जोरावर. त्यांतले बहुतेक वैद्यकीचे एक अक्षर न शिकता आलेले होते. जे काम पुढ्यात आले ते ती माणसे शिकली, आणि मुख्य म्हणजे राहिली. 'नेगल' लिहिणारे विलास मनोहर त्यांच्यापैकीच एक. त्यांनी लिहिले म्हणून आपल्याला ठाऊक झाले. ज्यांनी लिहिले नाही ते कोण, हे फारसे कोणी विचारत नाही.

हे वाचून कोणी म्हणेल, बाई, तुम्ही कॉलेजात शिकवता, तुमची मुले का पाठवत नाही? पाठवतो. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आमच्या कॉलेजांतून चालू आहे. विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास काम करायचे, असे दोन वर्षे. नियम चांगला आहे. पण तास आला की वही आली, आणि वही आली की सही आली. एकदा मुलांना रुग्णालयात नेले होते. बाह्यरुग्ण विभागात म्हाताऱ्याकोताऱ्यांना केसपेपर काढून देणे, एक्सरेची खोली दाखवणे, एवढेच काम. पहिले दोन दिवस मुलांचे लक्ष घड्याळाकडे. तिसऱ्या दिवशी एका मुलीने एका आजोबांना तीन मजले फिरवून आणले. ते आजोबा चौथ्या दिवशी दारात उभे राहून तिचे नाव घेऊन विचारू लागले, "ती पोर कुठंय?" ती मुलगी तास संपल्यावरही पुढे कितीतरी शनिवार जात राहिली. बाकीची एकोणचाळीस गेली नाहीत, हेही सांगायला हवे. मला त्या एकोणचाळिसांचा राग येत नाही. त्यांना कोणी नाव घेऊन विचारले नाही, एवढेच.

मात्र या स्वयंसेवकीचे गोडवे गाताना एका ठिकाणी माझा हात अडखळतो. मी शब्दांचा धंदा करणारी बाई. मला हा शब्द कोण कशासाठी वापरतो ते पाहावेच लागते. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि गावोगावी 'आशा' नेमल्या गेल्या. मराठीत त्यांचे सरकारी नाव 'आशा स्वयंसेविका'. गरोदर बाईची नोंद, बाळाचे लसीकरण, बाळंतिणीला दवाखान्यात पोहोचवणे, सर्वेक्षणे आणि करोनाच्या साथीत दारोदार फिरणे, हे सारे यांनी केले. आणि नाव स्वयंसेविका असल्यामुळे पगार नाही. कामानुसार मोबदला आणि मानधन. २०२३ साली महाराष्ट्रातल्या आशांनी मानधनासाठी संप केला, तेव्हा "स्वयंसेविका कशी संपावर जाते?" असा प्रश्न मी सुशिक्षित तोंडांतून ऐकला. स्वेच्छेने द्यायचे ते त्या बाईने ठरवायचे असते. ते सरकारने ठरवले, की त्या शब्दाचा अर्थ बदलतो. जुन्या मराठीत त्याला 'वेठ' असा नेमका शब्द आहे.

दल्ली-राजहऱ्याच्या लोकांपुढेही हा प्रश्न आला असणारच. खाणीतली पाळी करून दुसरी पाळी इस्पितळात करणारा मजूर किती वर्षे टिकेल? रात्रीचे बाळंतपण, भाजलेला माणूस, सर्पदंश, हे सारे सवडीच्या माणसांवर सोडता येत नाही. इस्पितळ वाढले तसे तिथे पूर्ण वेळ काम करणारे आले, मजूर-शेतकऱ्यांच्या घरातली मुलेमुली शिकून परिचारिका आणि आरोग्य-कार्यकर्ते झाली, आणि त्यांना घर चालवण्यापुरते वेतन मिळू लागले. डॉक्टरही बाहेरच्या मानाने थोडक्यावर राहिले. रोग्याकडून फी घ्यायची, पण बेताची, हा मार्ग त्यांनी धरला. आमचे एक प्राध्यापक मित्र हे ऐकून म्हणाले, "म्हणजे शेवटी पगारी नोकरच की!" मला तसे वाटत नाही. फी किती घ्यायची, खाटा वाढवायच्या की नाही, हे ठरवताना डॉक्टरांबरोबर मजुरांची माणसेही बसत होती. विटा ज्यांनी वाहिल्या त्यांचे बोलणे कारभारात राहिले, एवढे झाले तर परिचारिकेला महिन्याचे पैसे दिल्याने काहीच बिघडत नाही. उलट न दिल्यानेच बिघडते.

खरी परीक्षा पुढे झाली. २८ सप्टेंबर १९९१ रोजी पहाटे भिलाईत नियोगी झोपेत असताना त्यांना गोळी घालण्यात आली. एका माणसाभोवती उभ्या राहिलेल्या संस्थेचे तो माणूस गेल्यावर काय होते, ते आपण महाराष्ट्रात पुष्कळदा पाहिले आहे. पुतळा होतो, जयंती होते, आणि मागच्या दाराने कुलूप लागते. त्यात खाणींत यंत्रे येत गेली, तसे हाताने खनिज फोडणारे मजूर घटले. ज्यांच्या भत्त्यांतून भिंती उठल्या ती पिढी म्हातारी झाली. डॉ. सेन पुढे दुसऱ्या कामाला लागले आणि २००७ साली त्यांना अटक झाल्यावर त्यांचे नाव देशभर झाले. डॉ. जाना मात्र राहिले ते राहिलेच.

१९८३ साली ते गाव मध्य प्रदेशातल्या दुर्ग जिल्ह्यात होते. २००० साली राज्य बदलले, २०१२ साली जिल्हा बदलला, आता ते छत्तीसगडच्या बालोद जिल्ह्यात आहे. इस्पितळ जिथे होते तिथेच आहे. १५ खाटांच्या शंभरावर झाल्या आहेत. खाणीतल्या मजुरांपेक्षा आता आसपासच्या खेड्यांतले शेतकरी आणि आदिवासी अधिक येतात, बाळंतपणाला, तापाला, खोकल्याला; आणि त्यांच्यापैकी पुष्कळांना साखर-मिठाचे पाणी कसे करायचे ते घरून निघतानाच ठाऊक असते.